खोगीर घोड्याला बसलं, पण स्वाराला बसलं का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काटोल रोडकडच्या आमच्या तबेल्यावर दर रविवारी सकाळी नवीन लोक येतात, शाळेतली पोरं, त्यांचे आईबाबा, ऑफिसवाले, आणि पंधरावीस दिवस झाले की तेच तेच सुरू होतं, गुडघा दुखतो, मांडी सोलली, सर ओरडतात टाच खाली घे पण होतच नाही. मी बावीस वर्षं घोड्यावर बसतेय आणि त्यातली पहिली सहा वर्षं चुकीच्या मापाच्या खोगिरात काढलीत, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलंय. घोड्याच्या पाठीला खोगीर बसतं का हे लोक बघतात, बघायलाच पाहिजे, पण वर बसणाऱ्याला ते बसतंय का हे कोणी विचारतच नाही.

खोगिराला साईझ असते? आम्हाला तर वाटलं सगळं सारखंच असतं.

असते ना, आणि ती इंचात असते. इंग्लिश खोगिरात समोरच्या उंचवट्याच्या, म्हणजे पॉमेलच्या, दोन्ही बाजूंना खिळ्याच्या डोक्यासारखं एकेक गोल बटण दिसतं, त्या बटणापासून मागच्या उंचवट्याच्या, म्हणजे कॅन्टलच्या, बरोब्बर मध्यापर्यंत टेप सरळ ताणून धरायचा, सीटच्या खोलगटात दाबायचा नाही, जो आकडा येईल ती सीट साईझ. लहान मुलांना १५ च्या आसपास, मोठ्या माणसांत जास्त करून १६.५ ते १७.५, आणि उंच किंवा भरलेल्या अंगाच्या माणसाला १८ किंवा त्याच्याही पुढे. फरक अर्ध्या अर्ध्या इंचाचा असतो, ऐकायला काहीच वाटत नाही पण बसल्यावर अर्धा इंच म्हणजे खूप असतो.

एक सांगते, छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा ऑनलाईन १७ म्हणून मागवलेलं खोगीर घरी आल्यावर मोजलं तर साडेसोळा भरलं, आणि विकणारा म्हणतो मॅडम सगळे असंच मोजतात. तेव्हापासून टेप माझ्या बॅगेतच असतो, टेलरकडे असतो तो साधा कापडी टेप.

माझी साईझ कशी काढू?

खुर्ची घ्या, बूड कडक असलेली, सोफा नको. पाठ आणि बूड मागे पूर्ण टेकवून बसा, गुडघे काटकोनात, आणि दुसऱ्या कोणाला तरी बुडाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीच्या बाजूने मोजायला सांगा. साधारण हिशोब असा आहे की साडेसोळा इंचापर्यंत आलं तर १५ ची सीट, साडेसोळा ते साडेअठरा आलं तर १६, साडेअठरा ते वीस आलं तर १६.५, वीस ते साडेएकवीस असेल तर १७, साडेएकवीस ते तेवीस असेल तर १७.५, आणि त्याच्यावर गेलं की १८ पासून पुढे. ही सुरुवात समजा, शेवटचा निर्णय बसूनच घ्यायचा.

बघा, मोजलं काय तर मांडीचं हाड. वजन नाही, कंबर नाही, कपड्याची साईझ नाही. हे मी इतकं जोर देऊन काहून सांगतेय तर आमच्याकडे दहावीतली एक मुलगी आहे, काडीसारखी बारीक पण पाय लांब, तिला सगळ्यांनी वर्षभर १६ च्या खोगिरात बसवलं कारण बारीक आहे ना, छोटं चालेल. गुडघा फ्लॅपच्या, म्हणजे खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या चामड्याच्या, बाहेर लटकायचा, दुडकी चालीत दर वेळी पुढे ढकलली जायची, आणि बिचारीला रोज ऐकायला मिळायचं की तुझी मांड कच्ची आहे. एका रविवारी तबेल्याच्या शेडमधे लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मोजलं तर पावणेबावीस इंच. त्याच दिवशी १७.५ वर बसवली, घोडा तोच, सर तेच, आणि तिसऱ्या फेरीला तिचा गुडघा ब्लॉकच्या, म्हणजे फ्लॅपवर गुडघ्यापुढे असलेल्या उशीसारख्या उंचवट्याच्या, मागे आपोआप जाऊन टेकला, कोणी काही बोललंसुद्धा नव्हतं. उतरल्यावर खोगिरावर हात ठेवून म्हणाली, ताई, म्हणजे माझी चूक नव्हती का. मला त्या दिवशी खरंच भरून आलं.

पण वजन जास्त असेल तर मोठं खोगीर लागेल ना?

लागू शकतं. मांडीच्या मापाने १७ येत असेल आणि मागची बाजू भरलेली असेल तर १७.५ किंवा १८ वर बसून बघा, छोट्या सीटमधे अडकून बसलात तर तुमचं वजन मागे कॅन्टलवर जातं आणि घोड्याच्या कमरेला टोचतं. यात लाजायचं काही कारण नाही, बुटाचा नंबर सांगतो तसं सांगायचं. फक्त घोडाही त्या वजनाचा पाहिजे, जगभर एक ढोबळ नियम पाळतात की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर सामानासकट ८० किलो. इंग्लिश लेदरचं खोगीरच सहा ते नऊ किलोचं असतं, ते धरायला लोक विसरतात.

बसल्या बसल्या कसं ओळखायचं की बसलंय?

रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय घाला, सीटच्या सगळ्यात खोल जागी बसा, मग हात मागे नेऊन बूड आणि कॅन्टलच्या कडेमधे आडवी बोटं ठेवून बघा. चार बोटं, म्हणजे पंजाची रुंदी, आरामात बसली तर ठीक. दोनच बोटं गेली तर छोटं आहे. दोन्ही हात मावले तर मोठं, मग तुम्ही सीटमधे मागेपुढे घसरत राहाल आणि घसरू नये म्हणून गुडघ्याने आवळून धराल, आणि गुडघ्याने आवळलं की पाय वर चढतो, टाच वर येते, सगळंच बिघडतं. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाच्या, खोल सीटमधे जागा थोडी कमी चालते.

गुडघा फ्लॅपच्या बाहेर जातो. सीट तर बरोबर आहे.

मग फ्लॅप चुकलाय. दोन जणांची सीट साईझ एक असली तरी पाय वेगळे असतात, एकाची मांडी लांब आणि पोटरी आखूड, दुसऱ्याचं उलट. मांडी लांब असेल तर पुढे झुकलेला फ्लॅप लागतो. गुडघ्याची वाटी ब्लॉकच्या मागे राहिली पाहिजे, ब्लॉकवर चढता कामा नये. खाली फ्लॅप पोटरीच्या वरच्या एक तृतीयांश भागापर्यंत यावा, जर तो बुटाच्या वरच्या काठाशी येऊन थांबत असेल तर बूट दर पावलाला त्यात अडकतो, फार वैताग येतो. बुटक्या माणसाला लांब फ्लॅप मिळाला तर त्याचा पाय घोड्याच्या अंगाला लागतच नाही, टाच मारत बसतो आणि लोक म्हणतात घोडा आळशी आहे.

सर म्हणतात टाच खाली, पाय मागे. मी घेतो पण दोन मिनिटांत पाय परत पुढे. काय करू?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर मला सहा वर्षं कोणी दिलं नाही.

बाजूने बघितलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत दिसायला पाहिजे. असं समजा की घोडा खालून अचानक गायब झाला, तर तुम्ही दोन पायांवर उभे राहिला पाहिजे, बुडावर आपटायला नको. आता रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकतो त्या लोखंडी पट्टीला स्टिरप बार म्हणतात. ही पट्टी तुमच्या शरीराच्या मानाने खूप पुढे असेल तर रिकीब तिच्या सरळ खाली लोंबणार, आणि तुमचा पाय रोज तिकडेच जाणार, कारण पट्टा लंबकासारखा आहे. तुम्ही जोर लावून मागे घ्याल, जोर सोडला की पुढे. खुर्चीत बसल्यासारखी बैठक होते, आणि मग रायझिंगला, म्हणजे दुडकीच्या तालावर उठताबसताना, पॉमेलला धरून उठावं लागतं. ही तुमच्या इच्छाशक्तीची गोष्टच नाहीये.

दुसरं कारण, खोगीर मागे झुकलेलं. घोड्यावर खोगीर ठेवा, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, अजून आवळू नका, बाजूने बघा, सीटची सगळ्यात खोल जागा मध्यभागी आहे का. कळत नसेल तर एक गोल पेन सीटवर आडवा ठेवा, तो घरंगळत जाऊन जिथे थांबेल ती खोल जागा. पेन मागे कॅन्टलकडे गेला तर तुम्हीही दिवसभर तिकडेच जाणार. हे बहुतेक वेळा खोगीर घोड्याला बसत नसल्यामुळे होतं, पुढून अरुंद पडतं म्हणून पुढचा भाग वर उचलला जातो. म्हणजे घोड्याचं माप आणि स्वाराचं माप अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाचं बिघडलं की दुसऱ्याला भोगावं लागतं.

माझ्या बाबतीत दोन्ही होतं. सहा वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

बायकांना वेगळं खोगीर लागतं का? पुढे दुखतं, पण सांगायला कसंतरी वाटतं.

सांगायलाच पाहिजे, आणि दुखणं सहन करायचं अजिबात नाही. बायकांच्या ओटीपोटाच्या हाडांची ठेवण पुरुषांपेक्षा वेगळी असते, बैठकीची दोन हाडं साधारण जास्त अंतरावर असतात, त्यामुळे पुरुषाला आवडलेलं खोगीर बाईला जाचू शकतं. सीटचा पॉमेलच्या मागचा जो निमुळता भाग दोन मांड्यांच्या मधे येतो त्याला ट्विस्ट म्हणतात, तो रुंद असला की मांड्या फाकतात, खुब्यात कळ येते, मग पाठ पुढे वाकते आणि सगळं वजन समोर नाजूक जागी येतं. काहींना अरुंद ट्विस्ट मानवतो, काहींना त्यानेच टोचतं, म्हणून मैत्रिणीला आवडलं म्हणून घेऊ नका. आमच्याकडच्या मुलींना मी आधीच सांगून ठेवते की सोलवटलं, सुजलं, लघवीला जळजळ झाली तर लगेच मला नाहीतर सरांच्या मिसेसना सांगायचं, त्या दिवशी बसायचं नाही, आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टरकडे जायचं.

रिकीब केवढी पाहिजे?

बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा एक इंच जास्त, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच. याच्यात तडजोड नाही. अरुंद असली तर पडताना पाय अडकतो, फार मोठी असली तर अख्खं पाऊल आरपार जातं, दोन्हीत माणूस घोड्यामागे फरपटत जाऊ शकतो. म्हणून चपला आणि फ्लोटर घालून येणाऱ्यांना मी बसू देत नाही, टाच असलेला बूट पाहिजेच. पट्ट्याची लांबी खालूनच बघता येते, बोटांची टोकं स्टिरप बारला लावा आणि रिकीब काखेपर्यंत आली तर साधारण बरोबर. आणि आपण डावीकडून चढतो म्हणून डावा पट्टा जास्त ताणतो, महिन्या दोन महिन्यांनी डावा उजवा अदलाबदल करा. एक पाय लांब झाल्यासारखं वाटतं म्हणणाऱ्यांचं अर्ध्या वेळा हेच असतं.

माझा स्वतःचा घोडा नाही, क्लासचं जे मिळेल त्यावर बसतो. मग हे सगळं वाचून काय फायदा?

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार, आणि सरकारी घोड्यावरचा बारगीर. आपल्या नागपूरकर भोसल्यांची फौज १७४० च्या दशकात पार बंगालपर्यंत गेली, तिकडे अजून त्यांना बर्गी म्हणतात, तो शब्द बारगीरवरूनच आलाय. तर क्लासमधे बसणारे आपण सगळे बारगीर, आणि बारगीरही मापाचं खोगीर मागू शकतो. बहुतेक तबेल्यांत चारपाच खोगिरं असतात आणि ती एकाच साईझची नसतात. आपला आकडा पाठ करा, येऊन पहिल्या पाच मिनिटांत विचारा की दादा, १७ चं कोणतं आहे. फक्त ते त्या घोड्याला बसतं का हे त्यांना बघू द्या, तुम्ही स्वतः उचलून दुसऱ्या घोड्यावर टाकू नका. आणि दर वेळी तेच मिळावं म्हणून थोडं लवकर या.

मोठं खोगीर आहे, खाली जाड पॅड टाकून जमवता येईल का?

नाही. पॅड घोड्याच्या बाजूला जातं, तुमची सीट तेवढीच मोठी राहते. उलट जाड पॅडमुळे खोगीर वर तरंगतं, डुलतं, मग तंग जास्त आवळला जातो आणि घोडा कान मागे घेतो. वरून घालायचं सीटकव्हर मिळतं, मेंढीच्या लोकरीचं, त्याने किंचित भरल्यासारखं होतं, महिनाभर वेळ मारून न्यायला ठीक. खोगिराखाली टाकायचा नमदा साधा, स्वच्छ, सुरकुती नसलेला एवढंच बघा. (इंग्रज ज्याला नमना म्हणतात तो आपला नमदाच.)

आत काय भरलंय ते मात्र महत्त्वाचं आहे. खोगीरभरती हा शब्द आपण नुसती जागा भरायला आणलेल्या माणसांसाठी वापरतो पण मूळ शब्द इथलाच, खोगिरात चिंध्या नाहीतर जे हाताला येईल ते कोंबायचे. चांगल्या खोगिराच्या पॅनलमधे, म्हणजे घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या खालच्या गाद्यांमधे, लोकर असते, ती घामाने आणि वजनाने दबते, गोळे होतात, एका बाजूला जास्त दबली की खोगीर तिकडे कलतं आणि तुम्हीही कलता. रोज वापरात असेल तर वर्षातून एकदा तरी कोणाकडून तपासून घ्या. घोड्याच्या मागे दोन हात लांब उभं राहून स्वाराकडे बघा, सीटचा मध्य कण्याच्या वर आहे की सरकलाय ते लगेच दिसतं.

मला १८ लागतं पण घोडा लहान आहे. मग?

मग तो घोडा तुमचा नाही. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, खोगिराचं वजन शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, तिथून पुढे पाठीला खालून बरगडीचा आधारच नाही. पुढे खांद्याचं हाड मोकळं हलायला पाहिजे. या दोन्हीच्या मधे जेवढी जागा उरते तेवढीच तुमची. भीमथडीचं तट्टू किती काटक असतं हे सगळ्यांना माहीत आहे पण पाठ आखूड, तिथे १८ चं खोगीर टाकलं तर मागून थेट कमरेवर येतं. जास्त पुढे झुकलेल्या फ्लॅपचं खोगीर घेऊन अर्धा इंच कधीकधी वाचवता येतं, त्यापेक्षा जास्त नाही. इथे मागे स्वारानेच हटायचं, कारण घोडा तोंडाने सांगू शकत नाही. पाठीवर हात फिरवल्यावर तो दबत असेल, पांढरे केस आले असतील, तर आधी सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा, खोगीर नंतर.

ड्रेसाज, जंपिंग, जनरल पर्पज, यातलं कोणतं?

शिकत असाल तर जनरल पर्पज. जंपिंगचा फ्लॅप पुढे झुकलेला असतो कारण रिकीब आखूड ठेवतात, ड्रेसाजचा सरळ लांब. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमधे आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, तेव्हापासून मुलांना पहिल्या दिवशीच ड्रेसाजचं पाहिजे असतं, आनंद वाटतो, पण वर्षभर थांबा. वेस्टर्न खोगिराचा आकडा साधारण दोन इंच कमी धरायचा, इंग्लिश १७ म्हणजे वेस्टर्न १५. घोडदळाचं जुनं यूपी खोगीर मिळालं तर त्यातल्या यूपीचा अर्थ युनिव्हर्सल पॅटर्न, मजबूत असतं पण लांब पल्ल्यासाठी बनवलेलं, शिकायला नको. वरातीच्या घोडीवरचं जरीचं खोगीर तासभर नवरदेवाला बसवायला असतं, त्याने मापाचा अंदाज घेऊ नका.

कानपूरचं घेऊ का? सेकंड हँड चालेल?

कानपूरचं जरूर घ्या, तिथल्या खोगिरांना जीआय टॅग आहे आणि परदेशात जाणारा मालही तिथे बनतो. पण एकाच गावात उत्तम आणि अगदी टाकाऊ दोन्ही मिळतं. सेकंड हँड चांगलं लेदर हे नवीन स्वस्त खोगिरापेक्षा मी कधीही घेईन, फक्त आतला सांगाडा, म्हणजे ट्री, तुटलेला नको. पॉमेल पोटाशी धरा आणि कॅन्टल आपल्याकडे ओढा, थोडी लवचिकता स्प्रिंग ट्रीमधे असते, पण सीटला आडव्या खोल सुरकुत्या पडल्या किंवा करकर आवाज आला तर ठेवून द्या. मग पुढची कमान दोन्ही हातांनी दाबून बघा, ती हलायलाच नको. तंगाचे पट्टे उलटे करून भोकांजवळ बघा, शिवण सुटली तर चांगला मोची करून देतो, चामडंच फाटलं असेल तर पट्टा बदलायचा.

मुलगी आठ वर्षांची आहे, वाढेल म्हणून एक साईझ मोठं घेऊ?

शाळेच्या युनिफॉर्मसारखं करू नका. मोठ्या सीटमधे ती तोल शोधायला शिकणारच नाही, धरून राहायला शिकेल. अर्धा इंच वाढीव चालेल, त्याच्यावर नाही. त्यापेक्षा क्लासचं वापरा किंवा दोनतीन घरांनी मिळून एक घ्या.

नागपूरच्या उन्हात आणि पावसाळ्यात खोगिराचं काय करायचं?

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडखाली तर चामडं अक्षरशः कडक पापड होतं. वापरून झालं की ओल्या फडक्याने घाम पुसा, सावलीत वाळवा, पंधरा दिवसांतून एकदा सॅडल सोप आणि कंडिशनर. तेलात बुडवू नका, चामडं ढिलं पडतं आणि पट्टे ताणतात, म्हणजे मापही बदलतं. ऑगस्टमधे पांढरी बुरशी येते, ती उन्हात ठेवून मारायचा मोह होतो पण नको, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, पंख्याखाली ठेवा, प्लास्टिकमधे गुंडाळू नका.

घेण्याआधी किती वेळ बसून बघायचं?

दुकानात स्टँडवर ठेवून पाच मिनिटं बसणं म्हणजे फक्त साईझचा अंदाज. घोड्यावर, ज्या घोड्यासाठी घेताय त्याच घोड्यावर, निदान चाळीस मिनिटं बसा, साधी चाल, दुडकी, कॅन्टर म्हणजे हळू दौड, डावीकडून आणि उजवीकडून गोल फेऱ्या, आणि शेवटी दहा मिनिटं रिकिबीशिवाय. कोणाला तरी बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. उतरल्यावर खोगीर काढून आधी घोड्याची पाठ बघा, घामाचा ठसा दोन्हीकडे सारखा आला पाहिजे, मधेच कोरडा ठिपका नको. मग घरी जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कुठे दुखतंय ते बघा. मांडीच्या आतले स्नायू दुखले तर ते नवीन बसण्याचं दुखणं आहे, चार दिवसांत जातं. गुडघ्याची बाहेरची बाजू, माकडहाड किंवा खुबा दुखला तर विकणाऱ्याला फोन करून सांगा की हे परत पाठवतोय.